मुसीकाठची चिंच आणि छायाचित्रकाराची नजर

मनमाडहून सुटणारी निजामाच्या रेल्वेची गाडी औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेड अशी एकामागून एक मराठी स्थानके मागे टाकीत दक्षिणेकडे येई आणि हैदराबादेत काचीगुडा येथे विसावा घेई. गोदावरीच्या खोऱ्यातून जाणारा हा लोहमार्ग १९०० साली पुरा झाला. काचीगुड्याच्या स्थानकाची इमारत १९१६ सालची. १९५६ पर्यंत मराठवाड्याचे पाच जिल्हे हैदराबाद संस्थानात आणि नंतर हैदराबाद राज्यात होते. त्यामुळे कोर्टकचेरीसाठी, शिक्षणासाठी, औषधोपचारासाठी वा व्यापारासाठी तिकडचा मराठी माणूस याच फलाटावर उतरे. मिनार, घुमट आणि कमानी यांनी नटलेले ते स्थानक पाहून तो क्षणभर थबकत असेल. परंतु आपण नव्या युगाच्या एका नव्या पदार्थासमोर उभे आहोत, याची कल्पना फारच थोड्यांना असेल. ती दगडी भासणारी इमारत बांधताना व्हिन्सेंट एश या वास्तुशिल्पज्ञाने साच्यात आधी ओतून तयार केलेल्या सलोह काँक्रीटच्या भागांचा उपयोग केला होता. रूप जुने आणि काया नवी, असा तो प्रकार होता.

तेथून टांगा करून प्रवासी अफझलगंजला आला की दुसरेच दृश्य समोर येई. धान्याची दुकाने, मशीद, रुग्णालयाचे उंच घुमट, नदीवरील पूल आणि या सर्वांच्या मध्ये मुसीचे पात्र. याच भागात, रुग्णालयाच्या आवारात, चिंचेचा एक जुना वृक्ष उभा आहे. शहरातील दगड, चुना, काँक्रीट आणि त्यांच्या सान्निध्यात जगणारा निसर्ग यांचे छायाचित्र घेऊ इच्छिणाऱ्या प्रवाशाला अफझलगंजाइतके बोधप्रद स्थळ दक्षिणेत क्वचितच सापडेल. येथे निसर्ग हा इमारतीच्या शोभेपुरता लावलेला नाही. इमारती जशा आहेत तशा का आहेत, याचे उत्तरच येथील नदीजवळ आणि झाडाजवळ आहे.

अफझलगंज हे नाव पाचवे निजाम अफझलउद्दौला यांच्यावरून पडले. त्यांची कारकीर्द १८५७ ते १८६९ अशी होती. धान्याच्या व्यापाऱ्यांना नदीच्या उत्तर तीरावर जागा मिळाली आणि तेथे गंज, म्हणजे धान्यपेठ, वसली. मूळ शहर १५९१ मध्ये दक्षिण तीरावर वसलेले. त्याच्याही आधी, १५७८ मध्ये, नदीवर पहिला पूल बांधला गेला होता; तोच आजचा पुराना पूल. अफझलगंजाला जुन्या शहराशी जोडणारा पूल त्यामानाने अलीकडचा, म्हणून लोकांनी त्याला ‘नया पूल’ म्हटले आणि शंभर-दीडशे वर्षे उलटली तरी त्याचे नवेपण काही गेले नाही. पुलाच्या एका टोकाला जुनी राजधानी आणि दुसऱ्या टोकाला नवी पेठ, असे या जागेचे स्वरूप आहे.

ही पेठ वाढत होती त्याच काळात हिंदुस्थानात छायाचित्रण ही कला मूळ धरीत होती. मुंबईत १८५४ साली छायाचित्रणप्रेमींची संस्था स्थापन झाली. पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन संस्थेत या विषयाचा वर्ग निघाला. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या पहिल्या पिढीतील एक नामवंत छायाचित्रकार होते. परंतु त्या काळी प्रवासात छायाचित्रे घेणे म्हणजे एक लहानसे लष्कर घेऊन निघण्यासारखे होते. काचेच्या प्लेटवर कलोडियनचा चिकट थर द्यायचा, ती रुप्याच्या क्षाराच्या द्रावणात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि सुकण्याच्या आत अंधाऱ्या तंबूत नेऊन धुवायची. म्हणजे कॅमेरा, तिपाई, काचांच्या पेट्या, रसायनांच्या बाटल्या, पाणी आणि तंबू एवढे सामान बैलगाडीवर लादल्याखेरीज मुक्काम हलत नसे. १८८० च्या सुमारास कारखान्यात तयार होणाऱ्या कोरड्या प्लेटा मिळू लागल्या, तेव्हा हा त्रास बराच कमी झाला.

त्या प्लेटांचा आणखी एक गुणधर्म ध्यानात ठेवण्याजोगा आहे. निळा प्रकाश त्यांना चटकन कळे. हिरवा आणि तांबडा प्रकाश मात्र त्यांना जवळजवळ दिसतच नसे. परिणामी निळे आकाश पांढरेफटक उमटे, चुन्याने रंगविलेली भिंत झळके आणि हिरवागार वृक्ष काळ्या डागासारखा दिसे. जुन्या छायाचित्रांत वाडे, वेशी, मिनार कसे रेखीव आणि झाडे कशी मुकी, असे ज्यांना वाटते त्यांनी दोष केवळ छायाचित्रकाराला देऊ नये. त्याच्या काचेलाच पानांचा रंग ठाऊक नव्हता. शहराच्या चित्रात इमारत पुढे आणि निसर्ग मागे, ही जी सवय जगाच्या डोळ्यांना लागली, तिच्या मुळाशी रसायनशास्त्रातील ही उणीवही आहे.

हैदराबादचे जे छायाचित्रकार जगप्रसिद्ध झाले ते राजा दीनदयाळ. त्यांचा जन्म १८४४ चा, मीरतजवळील सरधना येथील जैन कुटुंबातला. रुडकीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकून ते इंदूरला बांधकाम खात्यात नोकरीस लागले. नकाशे काढणे आणि बांधकामाच्या खर्चाचे अंदाज करणे हे त्यांचे काम. १८७४ च्या सुमारास त्यांनी कॅमेरा हाती घेतला. इंदूरचे महाराज दुसरे तुकोजीराव होळकर यांचा त्यांना आश्रय लाभला. सर लेपेल ग्रिफिन यांच्याबरोबर त्यांनी मध्य हिंदुस्थानातील प्राचीन वास्तूंचा दौरा केला आणि त्या चित्रांचा ग्रंथ १८८६ मध्ये प्रसिद्ध झाला. १८८५ मध्ये व्हाइसरॉयचे छायाचित्रकार म्हणून त्यांची नेमणूक झाली. पुढे सहावे निजाम महबूब अली खान यांनी त्यांना आपल्या दरबारी घेतले आणि ‘मुसव्वीर जंग’, म्हणजे चित्रकलेतील वीर, असा किताब दिला. सिकंदराबाद आणि मुंबई येथील त्यांच्या चित्रशाळांत संस्थानिकांपासून व्यापाऱ्यांपर्यंत सारे येत. १८९२ साली त्यांनी हैदराबादेत पडदानशीन स्त्रियांसाठी स्वतंत्र चित्रशाळा काढून ती एका इंग्रज बाईंच्या हाती सोपविली होती.

दीनदयाळ यांच्या प्रवासचित्रांचा एक संच १८९२ सालचा आहे. निजामाच्या मुलखातील स्थळांची ही चित्रे पुढे लॉर्ड कर्झन यांच्या संग्रहात गेली आणि आता ती लंडनच्या ब्रिटिश ग्रंथालयात आहेत. त्यांत हैदराबाद शहराबरोबर वेरूळ आणि दौलताबाद ही आपल्या मराठवाड्यातील स्थळेही आहेत. या चित्रांचा विचार करताना त्यांच्या कर्त्याचे पूर्वायुष्य विसरून चालत नाही. मोजणी करणाऱ्याला इमारत जमिनीवेगळी दिसत नाही. पाया कोठे, उतार कोणीकडे, पाणी कोठून येते, हे त्याला आधी पाहावे लागते. वेरूळला तर डोंगर आणि मंदिर हे दोन पदार्थच नव्हेत. डोंगर कोरूनच मंदिर झालेले. दौलताबादेस खडक तासून किल्ल्याचा खंदक केला आहे. अशा ठिकाणी कॅमेरा लावणाऱ्याला निसर्ग आणि मनुष्यकृती यांच्यामध्ये रेघ ओढता येत नाही. जी गोष्ट खडकाबाबत खरी, ती शहराबाबतही खरी आहे. फक्त तेथे ती इतक्या सहजतेने दिसत नाही. ती दिसण्यासाठी हैदराबादला एका भयंकर दिवसाची वाट पाहावी लागली. दीनदयाळ तो दिवस पाहण्यास राहिले नाहीत. ते १९०५ मध्ये मुंबईत निवर्तले.

तो दिवस २८ सप्टेंबर १९०८ चा. मुसी ही अनंतगिरीच्या टेकड्यांतून उगम पावणारी नदी. वर्षाचे बरेच महिने तिचे पात्र इतके उथळ असे की तिला भिण्याचे कारण कोणाला वाटत नसे. लोकांनी तिच्या काठाला अगदी खेटून घरे बांधली होती. सप्टेंबरच्या अखेरीस तिच्या पाणलोटात अतिवृष्टी झाली. शमशाबाद येथे ४८ तासांत जवळजवळ १९ इंच पाऊस कोसळला. रात्रीतून पाणी चढले आणि सकाळपर्यंत शहराच्या दोन्ही तीरांवरील वस्त्या त्याखाली गेल्या. अफझलगंजात सुमारे ११ फूट पाणी होते. पुलांची दाणादाण उडाली; तग धरून राहिला तो १५७८ चा पुराना पूल. काठावरचे अफझलगंजचे जुने रुग्णालय कोसळले. मृतांचा आकडा साधारणपणे १५,००० सांगितला जातो. कोणी तो याहून पुष्कळ मोठा मानतात. १९०१ च्या शिरगणतीत उपनगरांसह ज्या शहराची लोकसंख्या सुमारे साडेचार लाख होती, त्या शहराचा चौथा हिस्सा बेघर झाला.

उर्दूतील रुबाईकार अमजद हैदराबादी यांची आई, पत्नी आणि कन्या अशी तिन्ही माणसे त्या पुराने ओढून नेली. घरात ते एकटे उरले. पुढे अर्ध्या शतकाहून अधिक काळ ते जगले, परंतु त्यांच्या काव्यातील शोकाचा झरा त्या दिवसापासूनच वाहू लागला. एका घराची ही कथा. अशी घरे हजारोंनी होती आणि त्यांतील बहुतेकांत कवी नव्हता.

त्याच वेळी रुग्णालयाच्या आवारातील चिंचेवर माणसे चढली. भिंती कोसळत होत्या, गच्च्या खाली येत होत्या, पण झाड उभे होते. चिंचेचे मूळ जमिनीत खोल जाते, तिचे लाकूड कठीण आणि फांदी चिवट असते. वादळातही ती सहसा मोडत नाही. दीडशेच्या वर माणसांनी तिच्या फांद्यांना धरून आपला जीव वाचविला, असे हैदराबादेत पिढ्यान्पिढ्या सांगितले जाते आणि तसे तेथे नमूदही केलेले आहे. धर्म, जात, पेशा यांची विचारपूस त्या फांद्यांवर कोणी केली नसेल. ज्याला जेथे हात पोहोचला तेथे त्याने धरले.

पूर ओसरल्यावर शहरात कॅमेरे फिरले. तुटलेले पूल, ढिगारे, छप्पर उडालेली घरे यांची छायाचित्रे आज उपलब्ध आहेत आणि इतिहासाच्या अभ्यासकाला ती कोणत्याही अहवालाइतकीच मोलाची आहेत. ज्या छायाचित्रकलेने आजवर मुख्यतः दरबार, शिकारी आणि राजवाडे टिपले होते, तिला प्रथमच शहराचा दुसरा चेहरा टिपावा लागला. परंतु झाडावरच्या माणसांचे चित्र कोण काढणार? अकरा फूट पाण्यात तिपाई उभी राहत नाही. तो प्रसंग काचेवर उमटला नाही. त्याची साक्ष त्या वृक्षाच्या देहातच राहिली. म्हणून आज जो प्रवासी त्या चिंचेचे छायाचित्र घेतो, तो केवळ एका जुन्या झाडाचे चित्र घेत नसतो. कॅमेऱ्याला एकदा जे घेता आले नाही, त्याच्या जितके जवळ जाता येईल तितके तो जात असतो.

पुरानंतर शहराची पुनर्घटना करण्यासाठी निजाम सरकारने मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांना बोलाविले. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात शिकलेले आणि मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात पाव शतक काढलेले हे अभियंते महाराष्ट्राला परके नव्हते. खडकवासल्याच्या धरणावरील त्यांचे स्वयंचलित दरवाजे १९०३ पासून प्रसिद्ध होते. सरकारी नोकरीतून निवृत्त होऊन ते परदेशच्या प्रवासास गेले असताना हैदराबादचे निमंत्रण त्यांना पोहोचले आणि १९०९ मध्ये ते कामावर रुजू झाले. त्यांनी आधी शहर तपासले नाही. शहराच्या वरचा मुलूख तपासला. शहराच्या वरच्या अंगाला मुसीच्या खोऱ्यात ७८८ तलाव होते, म्हणजे साधारण दर चौरस मैलाला एक. त्यांपैकी २२१ तलाव त्या अतिवृष्टीत फुटले होते. एक फुटला की त्याचे पाणी खालच्यावर येई आणि तोही फुटे. म्हणजे शहरावर जो लोंढा आला तो केवळ आकाशाचा नव्हता. दुरवस्थेत पडलेल्या शेकडो मातीच्या बांधांचाही होता.

यावर त्यांनी जो उपाय सुचविला तो प्रसिद्धच आहे. शहराच्या वर दोन मोठे जलाशय बांधून पुराचे पाणी तेथेच अडवायचे आणि नंतर हळूहळू सोडायचे. त्यानुसार मुसीवरील उस्मानसागर १९२० मध्ये आणि तिला मिळणाऱ्या ईसी नदीवरील हिमायतसागर १९२७ मध्ये पुरा झाला. पूर अडविणाऱ्या या धरणांनी शहराला पिण्याचे पाणीही दिले. त्याचबरोबर, शहरातून जाणाऱ्या नदीच्या दोन्ही काठांना भिंती घालाव्या, रस्ते करावे आणि बागा लावाव्या, असेही त्यांनी सुचविले होते. येथे एक गोष्ट विशेष लक्षात घ्यावयास हवी. विश्वेश्वरय्यांनी नदी झाकली नाही, वळविली नाही. तिला शहराची शोभा आणि शहराचा श्वास म्हणून जागा दिली. दगडी भिंत आणि हिरवळ यांनी एकमेकांस सांभाळावे, असा तो आराखडा होता.

१९१२ मध्ये शहरसुधारणा मंडळ स्थापन झाले आणि सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांच्या राजवटीत नदीच्या दोन्ही तीरांवर भव्य इमारती उठल्या. कलकत्त्याच्या व्हिक्टोरिया स्मारकाच्या कामावर अनुभव घेतलेले एश यांना या कामासाठी आणण्यात आले. दक्षिण तीरावर तांबूस दगडाचे उच्च न्यायालय १९२० मध्ये उघडले. त्याच्यासमोर उत्तर तीरावर, जुने रुग्णालय जेथे वाहून गेले होते तेथेच, उस्मानिया रुग्णालयाचे घुमट उभे राहिले. त्याच्या शेजारी अफझलगंजातच आसफिया ग्रंथालयाची इमारत १९३६ पर्यंत पुरी झाली. १८९१ पासूनचा हा ग्रंथसंग्रह आज राज्याचे मध्यवर्ती ग्रंथालय म्हणून ओळखला जातो आणि त्यात उर्दू-तेलुगूबरोबर मराठी ग्रंथही आहेत. न्याय, आरोग्य आणि विद्या या तिघांची मंदिरे एकाच नदीच्या काठी, एकाच आपत्तीनंतर उभी राहिली. आवारातील चिंच मात्र कोणी तोडली नाही. नव्या रुग्णालयाने तिला आपल्यात सामावून घेतले, ही गोष्ट त्या काळच्या नियोजकांना भूषणावह आहे.

यानंतरचे युग सिमेंटचे. त्याच संस्थानातील गुलबर्गा जिल्ह्यात शहाबादला सिमेंटचा कारखाना निघाला आणि काँक्रीट हा परदेशी पदार्थ राहिला नाही. १९३२ मध्ये निजामाच्या रेल्वेने २७ गाड्यांनिशी मोटार वाहतूक सुरू केली. अफझलगंजाला लागून असलेल्या गौलीगुड्यात लोखंडी पत्र्याच्या एका प्रचंड अर्धगोल छपराखाली बसगाड्यांचा तळ पडे. मराठवाड्यातून येणाऱ्या कित्येकांच्या आठवणीत असलेले ते छप्पर २०१८ मध्ये कोसळले. त्याच्या आधीच, १९९४ मध्ये, मुसीच्या पात्रालगत महात्मा गांधी बसस्थानक हे विस्तीर्ण काँक्रीटचे स्थानक सुरू झाले होते. सरकारी नाव काही असो, नांदेड-लातूरकडून येणारा प्रवासी आजही वाहकाला ‘इमलीबन’ असेच सांगतो. इमलीबन म्हणजे चिंचेची राई. राई गेली, नाव राहिले. पुढे त्यावरून मेट्रो रेल्वेचे उंच खांबही गेले.

आणि नाव जे सांगत होते ते नदीने २०२५ मध्ये पुन्हा एकदा बजावून सांगितले. त्या वर्षीच्या सप्टेंबर अखेरीस, १९०८ च्या पुराच्या तिथीला एक-दोन दिवस असतानाच, वरच्या जलाशयांतून सोडलेले पाणी घेऊन मुसी चढली आणि इमलीबनच्या फलाटांवर शिरली. प्रवाशांना रात्री तेथून बाहेर काढावे लागले. काँक्रीट मजबूत असते, यात संशय नाही; परंतु मजबूत असणे आणि योग्य जागी असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. १९०८ मध्ये झाड टिकले ते केवळ चिवट होते म्हणून नव्हे. त्याने ती जागा शेकडो पावसाळे ओळखून घेतली होती म्हणून.

आता प्रश्न येतो तो छायाचित्रे घेणाऱ्या प्रवाशाचा. आज प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. बैलगाडी नको, तंबू नको, रुप्याचे क्षार नकोत. पानांचा हिरवा रंगही यंत्राला नीट कळतो. अडचण उरली आहे ती पाहणाऱ्याच्या सवयीची. घुमट सुंदर दिसावा म्हणून प्रवासी समोरची फांदी टाळतो. नदी मळकी दिसते म्हणून पुलाचा तेवढाच भाग घेतो जेथून पाणी दिसत नाही. अशा रीतीने आलेले चित्र देखणे असते, पण ते अर्धसत्य असते. रुग्णालयाचा घुमट चिंचेसह आणि न्यायालयाचे मिनार नदीसह घेतले, तरच त्या इमारती तेथे कशा आल्या याचा उलगडा चित्र पाहणाऱ्यास होतो.

त्यासाठी थोडे परिश्रम हवेत. चिंचेची पाने बारीक असल्याने तिची सावली दाट नसते. तिच्याखाली कवडसे पडतात. दुपारी भिंत इतकी झगमगते की यंत्र भिंतीला सांभाळू गेले तर झाड काळवंडते आणि झाडाला सांभाळू गेले तर भिंत विरून जाते. म्हणजे शंभर वर्षांपूर्वीच्या प्लेटेचाच दोष पुन्हा उद्भवतो. सकाळी वा सायंकाळी तिरपा प्रकाश असताना दोन्ही एका पातळीवर येतात. पावसाळ्यात भिजलेला दगड आणि भिजलेले खोड यांचे रंग तर आश्चर्य वाटावे इतके जवळ येतात. पुलावर उभे राहून दोन्ही तीर पाहिले, की नदीचे जुने रुंद पात्र आणि आजचा अरुंद प्रवाह यांतील अंतर आपोआप चौकटीत येते. ज्याला एकच चित्र घ्यावयाचे असेल त्याने ते येथून घ्यावे.

मात्र एक मर्यादा पाळली पाहिजे. ते झाड रुग्णालयाच्या आवारात आहे. तेथे येणारा माणूस दृश्यासाठी आलेला नसतो. त्याचे कोणी तरी आजारी असते. खोडाला टेकून बसलेल्या दुःखी माणसाचे मुख हे कोणाच्याही प्रवासाचे स्मृतिचिन्ह होऊ शकत नाही. परवानगीवाचून ते घेऊ नये आणि शक्य तर परवानगी मागण्याचा प्रसंगही त्याच्यावर आणू नये. ज्या झाडाने माणसांना आश्रय दिला, त्याच्या छायेत तरी माणसाला निवांतपणा लाभावा.

हे सर्व सांगण्याची निकड आज का, असे कोणी विचारील. त्याचे कारण अफझलगंजाचे चित्र पुन्हा पालटण्याच्या बेतात आहे. २०२० च्या पावसाळ्यात उस्मानिया रुग्णालयाच्या जुन्या इमारतीत पाणी शिरले, रुग्णांना हलवावे लागले आणि घुमटांखालचे वॉर्ड बंद झाले. जानेवारी २०२५ मध्ये गोशामहल येथे नव्या रुग्णालयाची पायाभरणी झाली. मुसीच्या काठांची नवी रचना करण्याच्या योजनेपायी २०२४ मध्ये नदीपात्रातील घरांवर खुणा झाल्या आणि काही घरे पाडलीही गेली. ज्यांची घरे गेली त्यांचे दुःख आणि नदीला तिची जागा मिळण्याची आवश्यकता, या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत; त्यांतील एकीने दुसरी खोटी ठरत नाही. जुन्या इमारतीचे काय व्हावे, काठावर किती काँक्रीट यावे आणि किती माती उघडी राहावी, यांचे निर्णय येत्या वर्षांत होतील. ते घेणाऱ्यांपुढे केवळ आराखडे असू नयेत. त्या जागेचे खरे रूप दाखविणारी चित्रेही असावीत.

दीनदयाळ यांच्या चित्रशाळेतील २,८५७ काचा १९८९ मध्ये दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने घेतल्या, म्हणून त्या वाचल्या. अशा किती काचा भंगारात गेल्या, किती पुसून खिडक्यांना बसविल्या गेल्या, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. आजची चित्रे काचेवर नसतात, म्हणून ती अधिक काळ टिकतील असे समजण्याचे कारण नाही. फुटण्याची भीती गेली, हरवण्याची भीती वाढली. ज्याने चित्र घेतले त्याने त्यावर दिनांक, स्थळ आणि कोणत्या दिशेला तोंड करून ते घेतले एवढे लिहून ठेवावे. शाळांनी, ग्रंथालयांनी असे संग्रह जपावे. १९०८ ची छायाचित्रे आज बोलतात, कारण कोणी तरी त्यांच्याखाली दोन ओळी लिहून ठेवल्या होत्या.

शहर म्हणजे केवळ बांधलेले काही नव्हे. ज्यावर ते बांधले गेले ती भूमी, ज्याच्या काठी ते वाढले ते पाणी आणि ज्यांना वगळून ते वाढू शकले नाही ती झाडे, ही सर्व मिळून शहर होते. अफझलगंजाच्या चिंचेने ही गोष्ट एकदा आपल्या फांद्यांवर दीडशे माणसे तोलून सिद्ध केली आहे. प्रवाशाच्या कॅमेऱ्याला यापुढे तिची एवढीच सेवा करता येईल की घुमटाचे चित्र घेताना तिला चौकटीबाहेर ठेवू नये.